नीलवंताच्या राज्यातला कोरडा माळ

महाराष्ट्राने २०१५ मध्ये नीलवंताला, म्हणजे ब्लू मॉर्मनला, राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य. काळ्याभोर पंखांवर निळे पट्टे मिरवणारी ही जात देखणी आहे आणि आकारानेही भारतातल्या मोठ्या फुलपाखरांत बसते, त्यामुळे निवडीबद्दल तक्रार करावी असे काही नाही. फक्त ती सह्याद्रीची आहे. दमट रान, दाट सावली आणि लिंबूवर्गातली झाडे असतील तिथे ती रमते. सोलापूरहून येऊन तुळजापूरचा घाट चढणाऱ्याला दिसते ते वेगळेच: बालाघाटाचे मुरमाड उतार, बोरी-बाभळी, रुई, तरवड आणि मधूनच विहिरीच्या पाण्यावर तगलेली डाळिंबाची बाग. पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत आणि आपल्या लहरीने.

बहुतेक फुलपाखरांचे पंख फुटल्यानंतरचे आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे असते. त्याआधीच्या अळीला हिरवे, शक्यतो कोवळे पान लागते. इथे असे पान मृगापासून दिवाळीपर्यंत मिळते आणि मग माळ पिवळा पडत जातो. उरलेले सात-आठ महिने ही जनावरे काढतात कशी? माळावरच्या फुलपाखरांचा रंग, रूप, स्थलांतर, खाणे, विष, फसवणूक अशी कुठलीही बाजू उलगडू लागलो तरी अखेर याच प्रश्नापाशी यावे लागते.

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे की फुलपाखरांचा खरा खजिना पश्चिम घाटात, आणि पठारावर त्यातले चुकार उरलेसुरले. संख्येपुरते ते खरे आहे. पश्चिम घाटात सव्वातीनशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि कोरडे पठार त्याच्या जवळपासही जात नाही. पण पठारावरच्या कित्येक जातींचे नातेवाईक सह्याद्रीत शोधून मिळणार नाहीत. ते आफ्रिकेत आहेत. वाघाटी, नेपती, पिलू अशा कोरड्या रानातल्या वनस्पतींवर वाढणारी कोलोटिस ही प्रजाती घ्या. पांढऱ्या किंवा गुलाबीसर पंखांची, टोकाला नारिंगी-लाल ठिपका असलेली ही छोटी फुलपाखरे. या प्रजातीच्या बहुतेक जाती आफ्रिकेच्या गवताळ माळांवर आहेत, काही अरबस्तानात, आणि भारतात त्या कोरड्या पट्ट्याबाहेर फारशा जात नाहीत. इंग्रजांनी त्यांतल्या एकीचे नाव ‘स्मॉल सॅमन अरब’ ठेवले ते उगीच नाही. पायोनियर, प्लेन टायगर, डॅनॅइड एगफ्लाय, निळी आणि पिवळी पॅन्सी, बाभळीच्या कळ्यांवर वाढणारी इवली बाबुल ब्लू, ही सगळी मंडळी आफ्रिकेच्या माळांवरही नांदतात किंवा तिथे त्यांची सख्खी भावंडे आहेत. म्हणजे तुळजापूरच्या उतारावर दिसते ती घाटातली उरलीसुरली वस्ती नसून कोरड्या मुलखाची स्वतंत्र, पुरती मुरलेली वस्ती आहे.

अभ्यास मात्र पावसाच्या मागे गेला. डेव्हिडसन, बेल आणि एटकेन या तिघांनी १८९६-९७ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात उत्तर कानडा जिल्ह्यातली फुलपाखरे मांडली. टी. आर. बेल कारवारकडे वनाधिकारी होता. अळ्या घरी आणून वाढवायच्या, कुठली अळी कुठल्या पानावर जगते ते पाहायचे, हा त्याचा छंद, आणि १९०९ पासून त्याने मैदानी फुलपाखरांवर लिहिलेली दीर्घ मालिका खाद्यवनस्पतींच्या माहितीसाठी आजही उघडावी लागते. १९५७ साली सोसायटीनेच विंटर-ब्लाइथचे पुस्तक काढले. तो राजकोटच्या राजकुमार कॉलेजात प्राचार्य होता, सौराष्ट्रासारख्या कोरड्या प्रदेशात राहिलेला, म्हणून त्याच्या पुस्तकात माळाला थोडा न्याय मिळतो. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला, तुळजापूर ज्यात येते तो धाराशिवचा मुलूख मात्र या नकाशावर जवळजवळ कोराच राहिला. घाटात जायला बंगले होते, थंडी होती, हौशी अधिकारी होते. इकडे यायला तुळजापूरच्या देवीचे दर्शन सोडून कुणाला कारण नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे. त्याची उत्तरे फुलपाखरांनी एक नाही, निदान चार काढली आहेत.

पहिले उत्तर म्हणजे उन्हाळ्यातही हिरवी राहणारी वनस्पती धरायची. रुई यात अव्वल. मुळे खोल, पाने जाड, आणि चिकामुळे शेळीसुद्धा तोंड लावत नाही. प्लेन टायगरची मादी पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी त्यावर टकटक करते. फुलपाखरांच्या पायांवर चव घेणारे संवेदक असतात. झाड तेच आहे याची खात्री पायांनी पटली की पानाच्या खालच्या बाजूला एक अंडे, मग पुढचे झाड. अंड्यातून निघालेल्या अळीपुढे पहिली अडचण चिकाची. पान कुरतडायला घेतले की चीक भळभळतो आणि लहान अळी त्यातच चिकटून मरू शकते. म्हणून थोडी मोठी झालेली अळी आधी पानाची शीर किंवा देठ कुरतडते, चिकाचा दाब ओसरू देते आणि मग पुढचा भाग निवांत खाते. चिकातली हृदयावर परिणाम करणारी विषे ती पचवत नाही, साठवते. पुढे फुलपाखरू झाल्यावर तीच त्याचे चिलखत होतात. एखाद्या अननुभवी पक्ष्याने ते धरले तर कडू चव आणि ओकारी मिळते, आणि नारिंगी पंख, काळी-पांढरी टोके हा नमुना त्याच्या कायमचा लक्षात राहतो. म्हणूनच हे फुलपाखरू इतके सावकाश, जमिनीलगत, कुणाचे भय नसल्यासारखे उडते. रुई बारा महिने असल्यामुळे तेही बारा महिने दिसते. ऐन मे महिन्यात एखाद्या पडीक रानात फिरताना नजरेला पडणारे एकमेव फुलपाखरू पुष्कळदा हेच असते.

आणि जिथे चिलखत आहे तिथे त्याची नक्कलही आली. डॅनॅइड एगफ्लायचा नर काळा, पंखांवर जांभळी झाक मारणारे मोठे पांढरे ठिपके. मादी त्याच जातीची आहे हे सांगूनही पटू नये इतकी वेगळी, हुबेहूब प्लेन टायगर. तिच्या अंगात विष नाही. तिची अळी वाढते घोळीवर, आपण जिची भाजी करतो त्याच घोळीवर. निरुपद्रवी जातीने विषारी जातीचे रूप घ्यायचे, या प्रकाराचा पहिला नीट खुलासा हेन्री वॉल्टर बेट्सने १८६२ मध्ये ॲमेझॉनच्या जंगलातल्या नोंदींवरून केला. एकाच जातीच्या मादीने कुणाची नक्कल करायची हे ठरते कसे, याचे उत्तर मिळायला मात्र पुढे दीडशे वर्षे लागली, आणि त्यात एका मराठी नावाचा मोठा वाटा आहे. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की कॉमन मॉर्मनच्या मादीची वेगवेगळी रूपे ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर ठरतात. हे जनुक मुळात कीटकांत नर-मादी घडवणारे. त्याच्याच हाती नकलेचीही सूत्रे असतील, असे आधी कुणाला वाटले नव्हते. कॉमन मॉर्मन म्हणजे नीलवंताचा लहान भाऊ. तो कढीपत्त्यावर आणि लिंबावर वाढतो, त्यामुळे नीलवंत इकडे येवो न येवो, हा भाऊ तुळजापुरातल्या कुणाच्याही परसात येऊन जातो.

दुसरे उत्तर झोपेचे. पावसाळी झाडावर जगणाऱ्या जातींना पान संपताना काहीतरी करावे लागते, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी कोशात थांबतात. लिंबाचे फुलपाखरू एरवी अंड्यापासून पंखांपर्यंतचा प्रवास महिनाभरात उरकते. अळी लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी, मोठेपणी पानासारखी हिरवी. डिवचली तर मानेमागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडणारी. पण कोरड्या दिवसांत याच जातीचा कोश कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने तसाच राहू शकतो. पानगळीच्या रानातले स्पॉट स्वोर्डटेल याहून टोकाचे: त्याची अळी झाडावरून उतरून मुळांच्या खोबणीत, दगडांखाली कोश करते आणि वर्षाचा बराच भाग तिथेच काढते. पहिल्या वळवाच्या सरींनंतर एखाद्या ओढ्याकाठी अचानक खूप फुलपाखरे दिसली की लोकांना ती कुठून तरी उडत आल्यासारखी वाटतात. त्यांतली बरीच तिथेच, पायाखाली होती.

तिसरे उत्तर वेश पालटण्याचे. ईव्हनिंग ब्राउन हे संध्याकाळी उडणारे, गवतावर वाढणारे तपकिरी फुलपाखरू. पावसाळ्यात जन्मलेल्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला ठसठशीत डोळे असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेल्याचे डोळे जवळजवळ पुसलेले आणि पंख हुबेहूब वाळलेल्या पानासारखे. पीकॉक पॅन्सीच्या तर पंखांची कडाच बदलते, कोनदार होते. जात एक, आईबाप एक, रूपे दोन. याचे गणित आफ्रिकेतल्या बिसायक्लस या फुलपाखरावर पॉल ब्रेकफील्ड यांच्या गटाने वर्षानुवर्षे प्रयोग करून सोडवले: अळी शेवटच्या टप्प्यात असताना हवा किती गार आहे यावर पुढचे पंख ठरतात. गारवा म्हणजे कोरडा हंगाम जवळ आल्याची खूण. यामागचा हिशेबही सरळ आहे. पावसाळ्यात फुलपाखरू घाईत असते, उडत राहते, तेव्हा पक्ष्याने अंगाऐवजी पंखाच्या कडेवरच्या खोट्या डोळ्यावर चोच मारणे परवडते. हिवाळ्यात खाणे कमी, अंडी घालायला पान नाही, वाट पाहायची आहे. तेव्हा पानगळीत मिसळून दिसेनासे होणेच चांगले. कोरड्या हंगामाची प्रौढ फुलपाखरे म्हणूनच पावसाळ्यातल्या भावंडांहून कितीतरी जास्त जगतात आणि माद्या अंडी घालणे लांबवतात.

चौथे उत्तर म्हणजे निघून जाणे. एमिग्रंट हे पांढरट-पिवळसर, वेगाने आणि सरळ रेषेत उडणारे फुलपाखरू टाकळा, तरवड, बहावा, रस्त्याकडेचा काशीद यांवर वाढते. चांगला पाऊस झाला की एखाद्या झाडाला अळ्या पानही ठेवत नाहीत, मग थवे निघतात. दक्षिण भारतात टायगर आणि क्रो या फुलपाखरांची दर वर्षाची ये-जा आहे: पावसाळ्याआधी घाटाकडून पूर्वेच्या मैदानांकडे, पावसाळा सरला की उलट. कुंटे यांनी २००५ मध्ये या स्थलांतराचा आढावा घेतला होता. उडण्याची ताकद किती असू शकते याचा अंदाज थंडीत आपल्याकडे येणाऱ्या पेंटेड लेडीवरून घ्यावा: २०१३ मध्ये दक्षिण अमेरिकेत फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यावर सापडलेली या जातीची फुलपाखरे अटलांटिक महासागर ओलांडून, निदान ४,२०० किलोमीटर उडून आली होती, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. माळावरून झरझर जाणाऱ्या एमिग्रंटांना ‘भरकटलेली’ म्हणण्याआधी हे आठवावे.

या चारही उत्तरांना हंगामाची चौकट आहे, आणि ती इथल्या लोकांच्या दिनदर्शिकेशी चांगली जुळते. कुंटे यांनीच १९९७ मध्ये उत्तर पश्चिम घाटात दाखवले होते की फुलपाखरांची संख्या आणि विविधता पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीच्या सुरुवातीपर्यंत सर्वांत जास्त असते. तुळजापूरच्या हिशेबात हा काळ देवीच्या नवरात्राचा. ज्या तरवडाच्या, कारळाच्या फुलांच्या माळा घटावर चढतात त्याच झाडोऱ्यावर तेव्हा माळावरची गर्दी असते. आधी मूग-उडीद-चवळीवर ग्राम ब्लू, मग तुरीला कळ्या आल्या की पी ब्लू. या निळ्या बारक्या फुलपाखरांच्या अळ्यांची मुंग्यांशी सोयरीक असते: अळीच्या पाठीवर गोड स्राव देणारी ग्रंथी, तो मुंग्यांनी चाटायचा, बदल्यात गांधीलमाश्यांपासून राखण करायची. या कुळातल्या ज्या जातींचे जीवनचक्र नीट ठाऊक आहे त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जाती मुंग्यांशी असा काही ना काही व्यवहार ठेवतात. कळीभोवती मुंग्यांची वर्दळ दिसली तर आत अळी असण्याची शक्यता बरीच. पौषात शाकंभरीचे नवरात्र येईपर्यंत तूर वाळत आलेली असते आणि निळ्यांचा बहर ओसरतो.

नरांचे उद्योग थोडे वेगळे. अंडी माद्या घालतात, पण अंड्यांना लागणारे मीठ पुष्कळदा नरांकडून येते. पानांत सोडियम नगण्य असते. म्हणून ओढ्याकाठच्या चिखलात, गुरे पाणी पितात तिथल्या ओल्या मातीत, मुतारीच्या कडेला एमिग्रंट आणि ग्रास यलो घोळक्याने बसतात. जवळजवळ सगळे नर. ते मीठ मिलनाच्या वेळी मादीला मिळते. टायगर-क्रो कुळातल्या नरांना आणखी एक नाद आहे, अल्कलॉइडांचा. खुळखुळ्याच्या प्रजातीतली झाडे, भुरुंडी यांच्या जखमी, वाळक्या भागांवर ते तासन्‌तास चिकटून असतात. त्या द्रव्यापासून ते मादीला भुलवणारा गंध बनवतात, आणि काही जातींत उरलेले द्रव्य संरक्षणासाठी मादीला आहेर म्हणून जाते. हिरवळीच्या खतासाठी पेरलेला ताग याच खुळखुळ्याच्या प्रजातीतला. ताग गाडण्याआधी त्यावर फिरणारी काळी-निळी फुलपाखरे पीक खायला आलेली नसतात, हे शेतकऱ्याला सांगून ठेवायला हवे.

फुलपाखरू नुकसान करतच नाही असे मात्र नाही, आणि इथे सोलापूर-धाराशिवचा खास मामला येतो. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि देशाचे डाळिंब संशोधन केंद्रही तिथेच आहे. या पिकाचा एक जुना शत्रू फुलपाखरूच आहे, इंग्रजीत ज्याला कॉमन ग्वाव्हा ब्लू म्हणतात ते. मादी फुलावर किंवा कोवळ्या फळाच्या पुष्पकोशापाशी अंडे घालते, अळी आत शिरते, दाणे खाते, भोक स्वतःच्या चपट्या शेपटीकडच्या भागाने बंद ठेवते. पोखरलेले फळ गळून पडले तर तिचाही शेवट. म्हणून ती रात्री बाहेर येऊन रेशमाने फळाचा देठ फांदीला बांधून टाकते. ही करामत पाहून कौतुक वाटते, फक्त बाग आपली नसावी लागते. भोकातून येणारी घाण, मागोमाग बुरशी आणि कुजण. फळाला पिशव्या बांधणे, किडकी फळे वेचून नष्ट करणे हेच अजून खात्रीचे उपाय.

गंमत अशी की या जातीला कोरड्या महिन्यांचा प्रश्नच उरलेला नाही. मृग, हस्त, आंबे अशा बहारांनी आणि ठिबकच्या पाण्याने कुठल्या ना कुठल्या बागेत फळ असतेच. लिंबाच्या फुलपाखराचेही तसेच. सिंचनाने माळावरच्या फुलपाखरांत सरळ दोन तट पाडले आहेत: बागायतीच्या पानाफळांवर वर्षभर पोसल्या जाणाऱ्या मोजक्या जाती, आणि बांधावर, पडीक रानात, ओढ्याच्या काठी अजून पावसाच्या हिशेबाने जगणाऱ्या बाकी सगळ्या. माझ्या मते चिंता या दुसऱ्या तटाची करायला हवी. सोयाबीनने खरिपातली मूग-उडदाची, मिश्र पिकांची जागा घेतली. बांध अरुंद झाले. आणि खुरपणीऐवजी तणनाशक आले, जे बांधावरच्या घोळीत, टाकळ्यात आणि एकदांडीत भेद करत नाही. एकदांडी मूळची अमेरिकेतली, पण माळावरच्या बऱ्याच फुलपाखरांचा मध आज तिच्याकडून येतो. येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य, जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे, तेंदूवर वाढणाऱ्या बॅरोनेटसारख्या रानजातींना आधार देते. बांधावरच्या जातींना अभयारण्याचा तसा उपयोग नाही.

शहरांतून आता फुलपाखरू उद्याने निघतात. पेंटास, घाणेरी, झेंडू लावला की फुलपाखरे येतात, फोटो निघतात. पण तो खानावळीचा हिशेब झाला, घराचा नव्हे. झेंडूवर आपल्याकडचे एकही सर्वसाधारण फुलपाखरू अंडी घालत नाही. तुळजापुरात कुणाला खरोखर उद्यान करायचे असेल तर यादी अशी लागेल: रुई, तरवड, टाकळा, घोळ, बोर, बाभूळ, वाघाटी, एरंड, कण्हेर. यातले बहुतेक लावावे लागत नाही, उपटायचे थांबले की पुरे. टाकळ्या-तरोट्याची तर गाजरगवत दाबायला मुद्दाम पेरणी करा असे शेतीतज्ज्ञही सांगत आले आहेत, तेव्हा शेतकऱ्याला पटवायला कारणही तयार आहे.

कायद्याकडे पाहिले तर चित्र आणखी विचित्र दिसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, जिथे वाघ होता तिथे, २०२२ च्या दुरुस्तीपूर्वी डॅनॅइड एगफ्लायही होते. दुसऱ्या अनुसूचीत तुरीच्या शेंगा पोखरणारे पी ब्लूही होते. म्हणजे तुरीवर फवारणी करणारा शेतकरी कागदोपत्री संरक्षित प्राणी मारत होता, आणि एगफ्लायला जाळ्यात धरणे गुन्हा असताना त्याची घोळ बांधासकट जाळून टाकायला कुणाची परवानगी लागत नव्हती. ती आजही लागत नाही.